दारू दुकानाला हरकत घ्यायची तर परवाना मिळण्याआधी

मोहल्ल्यात दारूचं दुकान येतंय, ही बातमी आपल्याला जवळपास नेहमीच उशिरा कळते. गाळ्याला नवं शटर बसतं, आत फ्रीज येतात, एक दिवस बोर्ड लागतो आणि मग धावपळ सुरू होते. निवेदन दिलं जातं, मोर्चा निघतो, जिल्हाधिकारी कार्यालयासमोर फोटो काढले जातात. चार दिवस विषय गाजतो आणि दुकान चालूच राहतं. धाराशिव शहर असो, नळदुर्ग, उमरगा असो की परंडा, लोकांची चिंता एकच असते. शाळेच्या वाटेवर दुकान नको, लेकी-सुनांना संध्याकाळी त्या रस्त्याने जाता आलं पाहिजे आणि मजुरीचा पैसा घरी पोचला पाहिजे.

ही चिंता रास्त आहे. पण ती कधी मांडतो, यावर बरंच काही ठरतं. परवाना मिळण्याआधी हरकत घेणं आणि परवाना मिळाल्यावर दुकान बंद करायला लावणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आडव्या बाटलीचं गणित

चालू दुकान बंद करायचं तर २००८ च्या शासन आदेशाचा रस्ता आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी सहीनिशी मागणी करायची. त्या सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. आडवी म्हणजे दुकान बंद. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बायकांनी याच मार्गाने बाटली आडवी केली आहे. शहरी वॉर्डांसाठीही पुढे अशीच तरतूद झाली.

पण अट नीट बघा. निम्म्याहून जास्त मतं हवीत ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण नावांच्या. गावात १,००० महिला मतदार असतील तर आधी २५० सह्या आणि मग किमान ५०१ मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. समजा ६०० जणी आल्या आणि त्यातल्या ४९० जणींनी दुकान नको म्हटलं, तरीही दुकान वाचतं. जी बाई आली नाही, तिचं मत जणू उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होतं.

आपल्या जिल्ह्यात हे गणित आणखी अवघड आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या बायकांची नावं यादीत असतात, त्या मात्र फडावर असतात. ज्यांच्या घरात दारूचा त्रास सगळ्यात जास्त, त्यांनाच मतदानाला येता येत नाही.

दुकान येतं कुठून?

राज्यात वाइन शॉपचे नवे परवाने १९७० च्या दशकापासून बंद आहेत. २०२५ मध्ये ते पुन्हा देण्याची चर्चा निघाली तेव्हा मोठा वाद झाला. म्हणजे आपल्या भागात येणारं 'नवं' वाइन शॉप बहुतेक वेळा दुसरीकडून स्थलांतर होऊन आलेलं असतं. बिअर शॉपी आणि परमिट रूमचे परवाने मात्र नव्याने मिळतात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारू दुकानं हटवण्याचा आदेश दिला. मार्च २०१७ मध्ये लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर झालं आणि पुढे शहरी हद्दीला सवलत मिळाली. आदेश अपघात टाळण्यासाठी होता. पण रस्त्यावरून उठलेली दुकानं देशात अनेक ठिकाणी वस्तीत घुसू लागली आणि बायका रस्त्यावर उतरल्या. सोलापूर-धुळे आणि पुणे-हैदराबाद हे दोन्ही महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातात. त्यामुळे 'नवं दुकान' ऐकलं की पहिला प्रश्न हाच विचारावा, अर्ज नव्या परवान्याचा आहे की स्थलांतराचा?

कायद्याला काय दिसतं?

धार्मिक स्थळ, शाळा, एसटी स्टँड यांच्यापासून ठरावीक अंतरात दुकानाला परवानगी मिळत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण कायदा नोंदणी बघतो. शाळा सरकारमान्य हवी, खासगी शिकवणी त्यात धरत नाहीत. मशीद किंवा मंदिर नोंदलेल्या संस्थेचं असावं लागतं. अंतरही नकाशावर रेघ मारून नव्हे, तर माणूस ज्या वाटेने चालत जातो त्या वाटेने मोजतात.

म्हणून आपल्या मशिदीची वक्फ नोंद, मदरशाची मान्यता, कब्रस्तानचा उतारा हे कागद जमातीच्या जिम्मेदारांकडे तयार हवेत. २०२५ मध्ये उमीद पोर्टलवर वक्फ मिळकती नोंदवताना अनेकांनी फाइली जमवल्या. त्या कपाटात ठेवून देऊ नका, इथे त्यांचा उपयोग आहे.

मार्च २०२५ मध्ये अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की, हाउसिंग सोसायटीच्या आवारातल्या गाळ्यात बिअर शॉपी किंवा वाइन शॉप काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलं आहे. पण आपल्या जुन्या गल्ल्यांत नोंदणीकृत सोसायट्या आहेत किती? पुण्या-पिंपरीच्या फ्लॅटवाल्याला जे संरक्षण मिळतं, ते खाजानगरसारख्या वस्तीतल्या घरमालकाला मिळत नाही. मोहल्ल्याचाही होकार विचारला जावा, ही मागणी आमदारांकडे करायला हवी.

हा फक्त आपला प्रश्न नाही

इस्लामने दारू हराम ठरवली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण कार्यालयातला अधिकारी फतवा वाचत नाही, तो नियम वाचतो. शिवाय शेजारच्या वारकरी घरातली आई हेच दुःख भोगते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्याची बाजू मांडणारे मंत्री नवाब मलिक होते आणि विरोधात उभे होते अण्णा हजारे. या लढाईत बाजू धर्मावरून पडत नाहीत. हरकतीच्या कागदावर फक्त आपल्याच सह्या असतील, तर विषयाला भलताच रंग द्यायला काही जण टपलेले असतात. पहिली सही शेजारणीची घ्या.

सरकारकडून फार आशा ठेवण्यातही अर्थ नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दारूवरचं शुल्क वाढवलं, त्यातून वर्षाला १४,००० कोटी रुपये जादा मिळतील असा अंदाज होता. लाडक्या बहिणीच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये येतात. घरातला माणूस गुत्त्याकडे वळला, तर ते तिथूनच पुन्हा तिजोरीत जातात.

आता काय करायचं?

गाळा भाड्याने गेल्याची कुजबुज लागली की राज्य उत्पादन शुल्क अधीक्षक कार्यालयात जाऊन अर्जाची चौकशी करा, गरज पडली तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. हरकत लेखी द्या, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत पाठवा आणि पोच घ्या. पोच नसलेलं निवेदन म्हणजे नुसती भेट. हरकतीत शाळेचं नाव, मशिदीची नोंद, चालण्याचं अंतर आणि मुलींची ये-जा हे सगळं लिहा. गावात असाल तर ग्रामसभेला जा, बायकांना सोबत न्या. ठराव तिथेच होतात, आणि आपण घरी बसलो तर आपल्याशिवाय होतात.

मोर्चा काढू नका असं आम्ही म्हणत नाही. पण परवान्याआधी दिलेल्या एका कागदाला जे वजन असतं, ते परवान्यानंतरच्या ५०० सह्यांनाही नसतं.