जुन्या बुद्धिबळांची साक्ष

घर बदलताना माणसाच्या हातून जितक्या वस्तू नाहीशा होतात, तितक्या चोरीनेही होत नसतील. घोडबंदर रस्त्याच्या कडेने उंच इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या मानपाड्याचे रूप पालटले. जुनी घरे व चाळी सोडून कुटुंबे नव्या सदनिकांत राहावयास गेली, आणि पोटमाळ्यावरच्या पेट्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढल्या. अशाच एका पेटीने आम्हांस जो धडा शिकविला, तो विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, असे वाटते.

आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने एके दिवशी लाकडी बुद्धिबळांची पेटी आणली. "सर, ही पेशवाईतली आहेत," असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. आम्ही ती पाहिली मात्र, आणि आम्हांस हसू आले. राजाच्या मुकुटावर क्रूस होता. आपण ज्यास उंट म्हणतो त्याच्या माथ्यावर बिशपच्या टोपीसारखी चीर होती, आणि हत्तीच्या जागी दगडी बुरूज होता. ही घडण विलायतेतील होय. नॅथॅनियल कुक यांच्या नावे ती 1 मार्च 1849 रोजी नोंदली गेली; लंडनच्या जेक्स यांनी तसे संच विकावयास काढले आणि त्यांस हॉवर्ड स्टाँटन या नामांकित खेळाडूचे नाव मिळाले. पेशवाई तर 1818 साली बुडाली. मध्ये 31 वर्षांचे अंतर! हे आम्ही फळ्यावर मांडून दाखविले. वर्ग हसला. मुलाने निमूटपणे पेटी मिटली.

आमचे गणित बिनचूक होते, पण ते अर्धेच होते. ही बुद्धिबळे 1849 च्या आधीची नव्हेत, एवढेच त्यावरून ठरते. ती कधीची आहेत हे ठरत नाही. त्याच घडणीची बुद्धिबळे आजही अमृतसरचे कारागीर करीत असतात, आणि जुन्या संचांच्या हुबेहूब प्रतिकृतीही तेथे होतात. लाकडास मुद्दाम पिवळट रंग देऊन ते जुने भासविता येते. म्हणून घडण पाहून घाईने वय सांगणे धोक्याचे आहे. जेक्सच्या संचात राजाच्या बैठकीवर बहुधा कारखान्याचे नाव उठविलेले असते. या पेटीत तसे काहीच नव्हते.

आपल्या देशी संचांची तऱ्हा निराळी. त्यांचा पट पुष्कळदा कापडाचा असे आणि त्याची सर्व घरे एकाच रंगाची असत. मोहरे कातावर उतरविलेले, गोलसर आणि मानवी आकृतीवाचूनचे असत. एक बाजू तांबडी व दुसरी हिरवी, अशी रंगांची जोडीही आढळते. हत्तीच्या जागी नौका दिसली तर बंगालची आठवण ठेवावी, कारण तिकडे त्या मोहऱ्यास नौकाच म्हणतात. एका बाजूस कंपनी सरकारचे शिपाई व दुसऱ्या बाजूस देशी फौज, असे कोरीव हस्तिदंती संचही बंगालात इंग्रजांसाठी होत असत.

पदार्थाचीही साक्ष घ्यावी. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते; हाडावर सूक्ष्म काळसर ठिपके दिसतात; सेल्युलॉइडच्या नकली हस्तिदंतात रेषा असल्याच तर त्या फार सरळ व समांतर असतात. यासाठी साधे भिंग पुरते. तापलेली सुई टोचून पाहण्याची रीत मात्र वस्तूची खराबी करणारी आहे. घरात खरा हस्तिदंत निघाल्यास तो विकू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यातील पुढील दुरुस्त्यांनी त्याचा व्यापार बंद केला आहे. वनखात्याचा सल्ला घ्यावा, हेच इष्ट.

असो. काही दिवसांनी त्या मुलाचे वडील आम्हांस भेटले. "पेशवाईतली नाहीत म्हणता, तर भंगारातच देतो," असे ते सहज म्हणाले. आम्हांस चटका बसला. पेटी पुन्हा मागवून घेतली व एकेक मोहरा उजेडात धरला. 30 मोहरे कातीव होते. दोन प्यादी मात्र चाकूने तासलेली, किंचित वाकडी, निराळ्या लाकडाची होती. विचारता वडील म्हणाले, "ती आमच्या बाबांनी केली. ते गिरणीत होते. संपात घरी बसले होते तेव्हा हरवलेल्या प्याद्यांच्या जागी त्यांनी ही तासली."

मुंबईच्या गिरण्यांचा तो संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणजे 32 मोहऱ्यांपैकी ज्यांचा काळ, कर्ता व कारण निश्चित सांगता येते, असे हे दोनच मोहरे. आणि बाजारात संचाचे मोल याच दोघांमुळे कमी ठरणार! आम्ही पहिल्या दिवशी त्यांकडे पाहिलेही नव्हते. पेशवाई खोटी ठरविण्याच्या भरात घरची खरी गोष्ट विचारावयाचीच राहिली.

स्कॉटलंडातील लुईस बेटावर 1831 साली वॉलरसच्या दाताचे प्राचीन मोहरे सापडले. त्यांतील एक हरवलेला मोहरा एडिंबरोच्या एका व्यापाऱ्याने 1964 साली 5 पौंडांस घेतला आणि आपल्या वहीत त्याची नोंद केली. त्याचे थोरपण मात्र कोणासच उमगले नाही. पुढे तो घरच्यांकडे खणात पडून होता. 2019 साली तोच 7 लाख 35 हजार पौंडांस विकला गेला. आपल्या खणात असे धन निघेल असे आम्ही म्हणत नाही. पण वहीतील एक ओळ किती काळ टिकते, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमचे मत असे की, जुन्या वस्तूस नसलेले वय चिकटवू नये. आणि वय कमी ठरले म्हणून तिला टाकूनही देऊ नये. दोन्हींत सत्याचा सारखाच अपमान आहे. मोहऱ्यांस नवे रोगण लावू नका. कोणी, कधी, कोठून आणले, कोण खेळत असे, काय हरवले, हे घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर विचारून कागदावर लिहा, आणि तो कागद पेटीतच ठेवा.

त्या विद्यार्थ्याची आम्ही वर्गासमोर क्षमा मागितली. पेटीत आता त्याच्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे. तिच्यात पेशवाईचे नाव नाही. त्याच्या आजोबांचे आहे.