आजींच्या पानातला केक



लग्नसराई सुरू झाली की आपल्या घरांतून रुखवताच्या तयारीबरोबर आता आणखी एक प्रश्न ऐकू येतो : केक कोणाकडून आणायचा? पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या लग्नांत या पदार्थाला जागा नव्हती. आज स्वागतसमारंभात वधूवरांनी केक कापणे हे मुलांना हार घालण्याइतकेच आवश्यक वाटते. ही प्रथा चांगली की वाईट, हा वाद मी येथे घालणार नाही. केक येणारच असेल तर तो आपल्या पंक्तीला शोभेल असा कसा करावा, एवढेच आज लिहावयाचे आहे. त्यासाठी घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या पुतणीचे लग्न झाले. केक बाहेरून आणला होता. ‘पूर्ण शाकाहारी, अंड्याविना’ अशी खात्री देणाऱ्याने दिली होती. वधूवरांनी केक कापला आणि पहिला घास आजींना भरवावा म्हणून नात धावत आली. समोर छायाचित्रकार उभा. सासूबाईंनी हात जोडले आणि मान हलवली. रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि त्यांचा चौविहार होता. नात क्षणभर हात तसाच धरून उभी राहिली. कोणी काही बोलले नाही, पण ते छायाचित्र आजही अल्बममध्ये आहे आणि ते पान आम्ही भराभर उलटतो. पुढे काही दिवसांनी केकवरील साखरेच्या आवरणाच्या डब्यावर काय लिहिले होते ते कळले. त्यात जिलेटिन होते. जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होणारा तो पदार्थ आम्ही सर्वांनी खाल्ला होता. न खाणाऱ्या एकट्या सासूबाईच.

म्हणून गेल्या मार्गशीर्षात धाकट्या पुतणीचे लग्न ठरले, तेव्हा ती माझ्याकडे येऊन म्हणाली, “काकू, केक तूच कर. आजी खातील असा असेल तरच मी कापीन.”

होकार देणे सोपे होते. मग मी सासूबाईंसमोर वही घेऊन बसले आणि त्यांना काय चालते, काय नाही, हे एकेक करून विचारले. ती यादी वाचताना माझ्या लक्षात आले की अंडे हा प्रश्न सर्वांत सोपा आहे.

पहिला प्रश्न लोण्याचा. मध, मद्य, मांस आणि माखण या चार महाविगई त्यांना वर्ज्य. म्हणजे केकच्या दुकानांतले निम्मे सौंदर्य ज्यावर उभे असते ते लोणी-साखरेचे क्रीम बाद. दुसरा प्रश्न शिळ्याचा. ओलावा असलेला पदार्थ रात्र उलटल्यावर त्या खात नाहीत, आणि विवाहाचा केक तर बहुधा आदल्या दिवशी किंवा त्याआधीच भाजला जातो. तिसरा प्रश्न रंगाचा. गुलाबी रंगासाठी सगळ्या पाककृती बीट सांगतात. पण बीट हे कंदमूळ. परदेशी लाल रंगांत क्रमांक १२० आढळला तर तो कोचिनील नावाच्या किड्यापासून केलेला असतो. चौथा प्रश्न चांदीच्या वर्खाचा. तो परंपरेने जनावरांच्या आतड्याच्या पडद्यांत ठेवून कुटला जाई, हे आपण जाणतोच. आणि पाचवा प्रश्न घड्याळाचा.

भगिनींनो, नियमांच्या बाबतीत आपल्या परंपरांत आणि घराघरांत थोडा फरक असतो. माझी यादी ती सर्वांची यादी नव्हे. परंतु साचे विकत घेण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांसमोर अशी वही घेऊन बसावे, हा माझा पहिला सल्ला आहे.

मूळ इंग्रजी विवाह-केकची रचना समजून घेतली तर आपला मार्ग सुचतो. व्हिक्टोरिया राणीचा विवाह १८४० साली झाला. त्या काळच्या इंग्रजी केकमध्ये सुक्या मेव्याचा आणि मद्याचा जड केक, त्यावर बदामाच्या लगद्याचा थर आणि सर्वांत वर अंड्याचा पांढरा बलक व साखर घोटून केलेले शुभ्र, कडक आवरण असे. खालचा आणि वरचा थर आपल्या कामाचे नाहीत. मधला मात्र आपल्या ओळखीचा आहे. बदाम आणि साखर एकजीव करून लाटलेला तो थर म्हणजे आपल्या बदाम कतलीची सख्खी बहीणच. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला असाच लगदा काजूचा करतात. मग क्रीम आणि जिलेटिनयुक्त आवरण यांच्या मागे कशाला लागायचे? केकला बदाम कतलीचेच वस्त्र नेसवावे, असे मी ठरवले.

आता कृती सांगते.

नऊ इंची एका थरासाठी ४०० ग्रॅम साखरयुक्त आटीव दूध, २६० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पातळ केलेले साजूक तूप, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, १५० मिलिलिटर दूध, दोन चमचे लिंबाचा रस, वेलदोड्याची पूड आणि केशर घ्यावे. मैदा, सोडा आणि पावडर तीन वेळा चाळावी. दुधात लिंबू पिळून ते बाजूला ठेवावे. आटीव दूध आणि तूप फेटावे, मग मैदा आणि फुटलेले दूध आळीपाळीने घालावे. आंबटपणा आणि सोडा एकत्र येताच वायू सुटू लागतो आणि अंड्याचे फुलवण्याचे काम तोच करतो. म्हणून मिश्रण तयार झाल्यावर रेंगाळू नये, लगेच भट्टीत घालावे. १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पाऊण तास पुरतो. मध्ये सुई घालून ती कोरडी निघाली की झाले.

आवरणासाठी अर्धा किलो बदाम सोलून, कडकडीत वाळवून बारीक पूड करावी. ३५० ग्रॅम साखरेचा एकतारी पाक करून त्यात पूड घालावी आणि मंद आचेवर गोळा जमेपर्यंत ढवळावे. कोमट असताना चमचाभर तूप लावून मळावे आणि दोन जाड प्लास्टिकच्या कागदांमध्ये पाव सेंटीमीटरहून किंचित जाड लाटावे. केकला आधी साखरेचा घट्ट केशरी पाक फासला म्हणजे हे वस्त्र नीट चिकटते. उरलेल्या गोळ्यातून गुलाबाच्या पाकळ्या कराव्यात. पिवळा रंग केशराचा, हिरवा पिस्त्याचा, फिकट लाल कोकमाच्या अर्काचा. हे रंग दुकानातल्या रंगांसारखे भडक नसतात. पैठणीशेजारी ते अधिक खुलून दिसतात, असे माझे मत आहे.

मजले चढवण्याची एक गोष्ट मी चुकून शिकले. सरावाच्या वेळी नऊ इंचीवर सहा इंची केक नुसताच ठेवला आणि सकाळी पाहते तो वरचा केक खालच्यात दोन बोटे रुतलेला. अंड्याविना केक मऊ असतो, वजन पेलणे त्याचे काम नव्हे. म्हणून प्रत्येक वरच्या मजल्याखाली त्याच आकाराचा पुठ्ठा ठेवावा आणि खालच्या केकमध्ये त्याच्या उंचीइतक्या कापलेल्या चार-पाच स्वच्छ लाकडी काड्या उभ्या रोवाव्यात. भार काड्यांवर येतो, केकवर येत नाही. बारा, नऊ आणि सहा इंची असे तीन मजले केले, तर लहान तुकडे शंभरेक जणांना पुरतात. आमची माणसे नव्वद होती.

शिळ्याचा प्रश्न असा सोडवला. खालचे दोन मजले आदल्या दिवशी दुपारी भाजले. ज्यांचा तसा नियम नाही त्यांच्यासाठी ते होते. सर्वांत वरचा सहा इंची मजला मात्र लग्नाच्या दिवशी सूर्योदयानंतर करावयाचा. त्यासाठी घरी दळलेले, कापडातून गाळलेले गव्हाचे पीठ घेतले. डब्यातील आटीव दुधाऐवजी त्या सकाळचे अर्धा लिटर दूध १०० ग्रॅम साखर घालून निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवले. त्याचे आवरणही त्याच सकाळी केले. इंग्रजांकडे केकचा वरचा मजला पहिल्या अपत्याच्या बारशापर्यंत जपून ठेवण्याची रीत आहे. आमचा वरचा मजला त्याच सकाळी जन्मला आणि त्याच संध्याकाळपूर्वी संपायचा होता.

अकराच्या सुमारास तिन्ही मजले सजून तयार झाले. खालच्या मजल्याच्या कडेला रुपेरी साखरमण्यांची दुहेरी माळ लावली होती. अडीचशे मणी, एकेक चिमट्याने. पाहणाऱ्या जावा-नणंदा हरखून गेल्या होत्या. पसारा आवरताना मण्यांची बाटली हातात आली. तिच्यावर हिरवा ठिपका होता. तो पाहूनच मी ती घेतली होती. तिच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत चकाकीसाठी वापरलेल्या द्रव्याचा क्रमांक होता : ९०४. म्हणजे लाख. लाखेच्या किड्यांचा स्राव. ती गोळा करताना असंख्य जीव मरतात. आपल्या देशातील लेबलांच्या नियमांनुसार मध, मेणमाशीचे मेण आणि लाख यांना मांसाहारी धरत नाहीत, म्हणून हिरवा ठिपका खोटा नव्हता. अपुरा होता. हिरवा ठिपका कायद्याचा असतो. आपला नियम त्याच्या पुढे जातो, हे मला त्या क्षणी उमगले.

खरे सांगते, मनात आले की राहू द्यावे. आजींचा मजला वर आहे, त्यावर मणी नाहीत. कोणाला कळणार आहे? बाकीची मंडळी तर बाजारातले केक नेहमीच खातात. वेळ थोडा होता आणि माळ फार सुंदर दिसत होती.

तेवढ्यात सासरे पाणी प्यायला आत आले. हळदीच्या पेठेत त्यांनी पन्नास वर्षे पेढी चालवली. मी बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर करून ते बारीक अक्षर वाचले, बाटली ओट्यावर ठेवली आणि एवढेच म्हणाले, “पोत्यावर एक आणि पोत्यात एक, असा माल आपण कधी विकला नाही.”

मी आणि पुतणीने मिळून अडीचशे मणी काढले. नवरी मुलगी, हातांवर मेंदी, आणि चिमट्याने मणी वेचते आहे! प्रत्येक मण्याच्या जागी एक खळगा राहिला. त्या खळग्यांत पिस्त्याची पूड भरली. दुरून ती नाजूक हिरवी वेल वाटत होती. जवळून पाहिले तर खळगे दिसत होते. मग पुतणीने एका जाड कागदावर केकमधील एकूण एक जिन्नस स्वच्छ अक्षरांत लिहिला आणि तो केकशेजारी उभा केला.

मार्गशीर्षात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. छायाचित्रकाराची कुरकुर सोसून आम्ही केक कापण्याची वेळ साडेचारची ठेवली. विद्युत रोषणाई नव्हती, अंगणात उतरते ऊन होते. मुलीने सुरी लावली ती वरच्या मजल्याला. तुकडा घेऊन ती आजींकडे गेली. सासूबाईंनी तो लगेच तोंडात घेतला नाही. आधी विचारले, “आजचा आहे ना गं?”

“आज सकाळचा, आजी. सूर्य उगवल्यावरचा.”

“आणि लोणी?”

“तूप आहे. काकूनं घरी कढवलेलं.”

त्यांनी तो कागद मागवला. सगळा वाचला. मग घास घेतला, दोनदा चावला आणि म्हणाल्या, “वेलदोडा थोडा जास्त झालाय.” एवढे बोलून त्यांनी पान पुढे केले आणि आणखी एक तुकडा मागितला.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर बदाम आणि साजूक तूप धरून घरचा केक बाजारच्या केकपेक्षा काही फार स्वस्त पडला नाही. दोन दिवसांचे श्रम वेगळेच. जिला सवड नाही तिने बाहेरून आणावा. त्यात कमीपणा नाही. मात्र करणाऱ्याला नुसते ‘अंडे नाही ना?’ एवढे विचारून थांबू नये. आवरणात जिलेटिन आहे का, क्रीम कशाचे, रंग कोणता, मण्यांना चकाकी कशाची, भाजला केव्हा, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि डबे उलटून मागची बारीक अक्षरे स्वतः वाचावीत. तसेच केक कापण्याची वेळ पत्रिका छापण्यापूर्वी ठरवावी; ती सूर्यास्तापूर्वीची असली तर घरातला कोणीही हात जोडून बाजूला उभा राहणार नाही.

अल्बममध्ये आता दुसरे एक छायाचित्र आले आहे. त्यात सासूबाईंच्या हातात पान आहे, आणि मागे खालच्या मजल्यावरचे खळगे स्पष्ट दिसतात. पुतणीने तेच छायाचित्र मोठे करून भिंतीवर लावले आहे.