ढग आपल्या डोक्यावर, निर्णय कुणाच्या हातात?

तुळजापूरहून सोलापूर जेमतेम ४५ किलोमीटर. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात याच सोलापूरच्या आकाशात पुण्याच्या ‘आयआयटीएम’च्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २७६ ढग निवडले, काहींत विमानातून क्षारांचे कण सोडले, काही मुद्दाम तसेच ठेवले आणि फरक मोजला. २०२३मध्ये निष्कर्ष आला : सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस.

आता खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? टँकरची वाट बघणारा जिल्हा आपला, आणि शेजारी ढगांवर संशोधन झालं तरी आपल्या कानावर नाही! मग उद्या ‘विमान आलं अन् ढग पळवले’ अशी कुजबुज पारावर झाली, तर दोष पारावरच्यांचा कसा? माहिती पोचत नाही तिथं अफवा पोचते.

कुणी म्हणेल, विज्ञान काय हात वर करून ठरवायचं असतं? मुळीच नाही. क्षारामुळं पाऊस वाढतो का, हे रडार आणि पर्जन्यमापकच सांगणार. पण सरकारी पैसा विमानावर घालायचा की बांधबंदिस्तीवर? फवारणी कोणत्या तालुक्यावर करायची? पिकाचं नुकसान झालं तर जबाबदार कोण? हे प्रश्न ज्यांच्या रानात पाणी पडणार, त्यांचेही आहेत.

लोकांना विचारता येतं, हे आपण पाहिलंय. बीटी वांग्यावर अंतिम निर्णय घेण्याआधी २०१०मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. फेब्रुवारीत वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय पटो न पटो, विचारलं तरी गेलं. पण गंमत बघा, ते वांगं जालन्याच्या महिकोचं आणि महाराष्ट्रातली एकमेव सुनावणी नागपुरात! मराठवाडा बाहेरच.

म्हणून बोलावण्याची वाट बघत बसू नका. गावच्या मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. तिथं हा विषय मांडा. राज्य सरकारनं २०१५ आणि २०१९मध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली होती. त्यावर खर्च किती झाला, पाऊस कुणी मोजला, हे १० रुपयांच्या माहिती अर्जानं विचारा. कॉलेजच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवा. नुसत्या तक्रारीला साहेब हसतील. वहीतल्या आकड्यांना मात्र उत्तर द्यावंच लागेल.