भीती घातली की सैतान वाढतो

मुलांच्या हातातलं 'चेनसॉ मॅन' हे जपानी कॉमिक पाहून आपण दचकतो. तात्सुकी फुजिमोतो यांची ही मालिका २०१८ मध्ये सुरू झाली. वडिलांच्या कर्जापायी डेंजीने मूत्रपिंडही विकलेलं. पावाला जॅम लावून खायचं त्याचं स्वप्न! हसू येतं आणि पोटात कालवतंही.

रक्तपात फार आहे, लहानांना ते देऊच नये. पण त्यातला एक नियम मला पटतो. तिथे माणसांच्या भीतीतून सैतान होतात; लोक ज्या गोष्टीला जास्त घाबरतात, तिचा सैतान जास्त बलवान.

आपणही म्हणतोच, "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल." मग ताट रिकामं होतं, पण रात्री दिवा मालवू देत नाहीत. मुलांना कारण सांगावं, भीती घालू नये.