परड्यात लाकडी डेक करताय? आधी खालून विचार करा

गेल्या ऑगस्टात आईचा पाय फळीतून आरपार खाली गेला. अळूची पानं काढून परत येत होती. नशीब, पोटरी खरचटण्यावर भागलं. फळी उचकटून बघतो तर वरून चांगली दिसणारी, खालून नुसता भुसा. वाळवीने वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवला होता.

डेक मीच केलेला, तीन वर्षांपूर्वी. व्हिडिओ बघून. आईचे गुडघे दुखतात, पाटावर बसून भाजी निवडणं जमत नाही, म्हटलं परड्यात बसायला लाकडी ओटा करू. मशिनरीच्या पॅकिंगचं पाइन स्वस्तात मिळालं. फळ्यांवर ‘एचटी’ असा शिक्का होता, मला वाटलं प्रक्रिया केलेलं म्हंजे टिकणार. तो शिक्का एवढंच सांगतो की लाकूड तापवून आतली कीड मारलेली आहे. पुढे लागणाऱ्या वाळवीशी आणि पावसाशी त्याचा काही संबंध नाही. खांब सरळ मातीत पुरले, फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या. आमचे सुतारकाका बघून म्हणाले होते, "भाऊ, वाळवीला पान वाढताय." मी हसलो होतो.

आता माझं मत स्पष्ट सांगतो, पटलं तर घ्या. कोकणात उघड्यावरचा कायमचा डेक करूच नये. देशावर, कोरड्या भागात चालेल. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, फळीवर शेवाळ धरतं, आणि तेव्हा त्यावर बसायलाही कोणी जात नाही. निसरड्या फळीवर म्हाताऱ्या माणसाने पाय ठेवायचा तरी कशाला?

आपल्या खळ्यातला मांडव आठवा. पाऊस गेला की उभा करायचा, वळवाच्या आधी उतरवून ठेवायचा. बांबू, झाप जपून पुढच्या वर्षाला. आठ महिन्यांची वस्तू आठ महिनेच बाहेर. डेकलाही हाच नियम लावला आणि काम सोपं झालं.

नवीन डेक १० बाय ८ फुटांचा आहे, पण एकसंध नाही. ४ फूट बाय अडीच फुटांच्या आठ चौकटी केल्या. प्रत्येक चौकटीला खाली २ बाय ३ इंची तीन पट्ट्या, वर एक इंची फळ्या. एका चौकटीचं वजन २५ किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसं सहज उचलतात. जांभ्या चिऱ्याच्या फूटभर उंचीच्या तीन बुटक्या भिंती घातल्या, मधे मधे हवेला जागा सोडून, आणि चौकटी त्यावर नुसत्या ठेवल्या. चिरा आणि लाकूड यांच्यामधे जाड रबराचे तुकडे, कारण चिरा ओल धरतो. चढायला एक चिऱ्याची पायरी.

ती फूटभर उंची सोडू नका. वाळवी उजेडात चालत नाही, मातीची नळी करून वर चढते. खाली वाकून बघता आलं तर नळी दिसते आणि झाडूने पाडता येते. जमिनीला टेकलेल्या डेकखाली काय चाललंय ते पाय आत गेल्यावरच कळतं.

लाकूड जुन्या घराचं घेतलं. आमच्याकडे घरं पाडून स्लॅब टाकणं चालूच आहे, त्यातले सागाचे वासे मिळतात. बारा-तेरा घनफूट पुरलं. घेताना कापून गाभ्याचाच भाग घ्या, कडेचं पांढरं लाकूड सागाचं असलं तरी कुजतं. जुन्यात खिळे असतात, आरा मारण्याआधी काढा, नाहीतर मिलवाला बोलेल आणि बरोबरच बोलेल. नवीन साग तोडणार असाल तर झाड तुमच्या बांधावरचं असलं तरी परवानगी लागते हे विसरू नका.

दोन फळ्यांमधे दोन सूत फट. पाणी निथळतं, कचरा अडकत नाही. खिळ्यांऐवजी स्टेनलेसचे स्क्रू, साध्या लोखंडाने साग काळा पडतो. फळीचं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, तिथे तेलाचा हात दोनदा द्या.

तेलावरून माझं गावात भांडण होतं. सगळे सांगतात जळकं ऑइल मार. गोठ्याच्या खांबाला मारत असाल, पण परड्यात खाली अळू, माठ, मिरची आहे, पावसात ते ऑइल तिथेच उतरणार. मी काजूच्या टरफलाचं तेल फक्त खालच्या पट्ट्यांना लावलं. होड्यांना ते पूर्वीपासून लावतात. हातमोजे घालून लावा, कातडी भाजते. वरच्या फळ्यांना मात्र ते नको, तिथे उकळलेलं जवसाचं तेल, तेही पातळ हात देऊन आणि पुसून. जास्त झालं तर चिकट राहतं आणि बुरशी धरते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा.

खर्चाचं विचाराल तर हाच ओटा नुसत्या चिऱ्याचा स्वस्तात झाला असता. पण एप्रिलच्या दुपारनंतर चिरा रात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि लाकूड लवकर निवतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.

यंदा मेअखेरीस आठही चौकटी पडवीत उभ्या करून ठेवल्या, तासाभराचं काम. दिवाळीआधी पुन्हा मांडल्या. आई भाजी निवडायला तिथेच बसते, पण अजून आधी हाताने फळी दाबून बघते.