चाकांवरचं लोढणं

सध्या अमेरिकेतल्या आपल्या मराठी आयटीवाल्यांमध्ये एक नवीन खूळ दिसतंय. आरव्ही विकत घ्यायची, तळ्याकाठच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर मे ते ऑक्टोबर उभी करून ठेवायची आणि तिला 'आमचं समर होम' म्हणायचं. दारात बैलगाडी सोडून तिला फार्महाउस म्हणण्यातलाच प्रकार!

पहिला युक्तिवाद टॅक्सचा. झोपायला जागा, स्वयंपाकाची सोय आणि संडास असला की इथलं आयकर खातं आरव्हीला दुसरं घर मानतं, कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते वगैरे. कबूल. पण त्यासाठी आयटमाइज करावं लागतं, आणि २०१८ पासून स्टँडर्ड डिडक्शन जवळपास दुप्पट झाल्यावर आपल्यातले किती जण ते करतात? मागचा रिटर्न उघडून बघा जरा.

मुळात घराला भाव येतो तो खालच्या जमिनीमुळे. इथे जमीन पार्कवाल्याची, तुमचा नुसता डबा, ज्याची किंमत डीलरकडून निघाल्यापासून उतरत जाते. बरेच पार्क दहा वर्षांहून जुनी आरव्ही घेतही नाहीत. फ्लोरिडात फोर्ट मायर्स बीचवर 'रेड कोकोनट' नावाचा पार्क होता, अगदी समुद्राला लागून. २०२२च्या इयन वादळात तो उद्ध्वस्त झाला आणि पुढच्या वर्षी जागा बिल्डरच्या घशात गेली. तिथे वर्षानुवर्षं हिवाळा काढणाऱ्यांनी आता कुठे जायचं?

लगेच कुणीतरी क्वार्टझसाइटचं नाव काढणार. ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एका परमिटवर राहणारे ते स्नोबर्ड आजी-आजोबा. त्यांना माझा दंडवत! पण त्यांची गाडी खरंच चालते, आणि त्यांच्याकडे सात महिने आहेत. आपल्याकडे सुट्ट्या १५, त्यातल्या दहा पुण्याच्या फेरीत संपतात. उरलेल्या शनिवार-रविवारी छताचे सांधे तपासा, थंडीआधी पाइपांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरा. मैल्याच्या टाकीबद्दल लिहीत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल :)

पण मला खरा राग येतो तो एच-वन-बीवाल्यांनी यासाठी १५-१५, २०-२० वर्षांचं कर्ज काढलं की. अरे बाबांनो, नोकरी गेली तर तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस. त्यात नवी नोकरी शोधायची की तळ्याकाठचा डबा विकायचा? समजा कर्ज उरलंय ४० हजार डॉलर आणि गिऱ्हाईक देतंय २५. वरचे १५ खिशातून भरा, आणि तेही पगार बंद असताना. याला म्हणे फ्रीडम!

एवढी हौस आहे तर भाड्याने घ्या ना. आठवडाभर यलोस्टोन फिरा, पोरांना बंक बेडवर झोपवा, शेगडीवर पोहे करा आणि चावी परत देऊन मोकळे व्हा. टाकी मात्र रिकामी करून द्या बरं का, नाहीतर त्याचेही वेगळे पैसे लावतात.