मातीच्या खांद्यावर पूल

चेन्नई मेट्रोची माधवरम ते सिपकॉट ही सुमारे 45 किलोमीटरची मार्गिका दक्षिणेत सिरुसेरीला संपते. तिथल्या उन्नत मार्गाच्या एकेका खांबावर एकवटणारा भार पाहता खोल पाया अपरिहार्यच. प्रश्न आहे तो अशाच परिसरातील दहा-वीस मीटरच्या लहान पुलांचा. त्यांचा विचारही आपल्याकडे सवयीने पाइल आणि काँक्रीटपासूनच सुरू होतो. ही सवय तपासून पाहायला हवी.

वाळू दाब सोसते, ताण सोसत नाही. भार आला की तिचे कण बाजूला सरकतात. दाबून बसवलेल्या मुरूम-खडीच्या साधारण दर 20 सेंटिमीटर थरावर जिओग्रिड किंवा विणलेले जिओटेक्स्टाइल अंथरले, तर हे सरकणे घर्षणाने रोखले जाते. चिखलात भुसा मिसळून भिंत लिंपणाऱ्यांना यातले मर्म ठाऊकच होते. इथे कापडाच्या ताकदीइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व दोन थरांमधील अंतराला आहे. ते पुरेसे कमी असले की माती आणि कापड एकसंध पदार्थासारखे वागू लागतात. दर चौरस मीटरला सुमारे 20 टन भार गृहीत धरून अशा मातीवर थेट पुलाच्या तुळया टेकवता येतात. अमेरिकेत ओहायो राज्यातील डिफायन्स काउंटीत 2005 मध्ये तसा पूल झाला. जपानने तर 2011 च्या त्सुनामीनंतर सानरिकू रेल्वेचे वाहून गेलेले काही पूल बांधताना तुळई आणि प्रबलित माती यांना एकजीव करणारी रचना वापरली.

भारतालाही हे तंत्र परके नाही. उड्डाणपुलांच्या चढणीच्या भिंतींमागे अशीच माती असते आणि भारतीय रस्ते महासभेची त्यासाठी 2014 ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. म्हणजे भरलेल्या ट्रकांची रांग पेलण्यास ही माती योग्य. पण पुलाची तुळई आली की तिच्यावरचा विश्वास संपतो आणि पलीकडे स्वतंत्र पाइल उतरतात! त्याची किंमत प्रत्येक वाहनचालक मोजतो. पाइलवरचा पूल जागचा हलत नाही, शेजारचा भराव मात्र खचतो आणि पुलाच्या तोंडाशी गाडीला दणका बसतो. दोन्ही एकाच मातीवर असतील, तर जे काही खचेल ते बहुतांशी बरोबरीने खचेल.

आक्षेपही हलके नाहीत. खाली खोलवर मऊ चिकणमाती असेल, तर वरची प्रबलित माती तिला सुधारत नाही. सगळा भारच तिच्यात बसत जातो. दुसरा शत्रू पाणी. महाडजवळ सावित्रीवरचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात गेला, चेन्नईने 2015 चा महापूर पाहिला. पायाखालची माती पुराने ओढून नेण्याचा धोका जिथे आहे, तिथे या रचनेचा आग्रह धरणे बेजबाबदारपणाचे ठरेल. शिवाय निचरा आणि दबाई यांत कंत्राटदाराने केलेली कुचराई वरून दिसत नाही, हे आपल्याकडे विशेष काळजीचे.

म्हणून सुरुवात नदीपासून नको. रस्त्यावरून रस्ता नेणारे दोन-तीन लहान पूल निवडावेत, मातीची कसून तपासणी करावी, आत दाब आणि खचणे मोजणारी उपकरणे बसवावीत. सिरुसेरीकडे येणारा जुना महाबलीपुरम रस्ता जिथे सुरू होतो, त्या मध्य कैलासच्या शेजारीच आयआयटी मद्रास आहे. जिओसिंथेटिकवर तिथे दीर्घकाळ संशोधन झाले आहे. किमान पाच पावसाळ्यांच्या नोंदी, बांधकामाच्या खर्चासह, जनतेपुढे ठेवाव्यात आणि तशी अट निविदेतच घालावी.